आकाशपाळण्याखाली थांबलेली बाबागाडी

मित्रांनो, माझ्या गादीकडे नीट पाहिलेत तर तिच्यावर दोन रंगांचे धागे दिसतील. एक कारखान्यातला, विटलेला. दुसरा गडद निळा, अजून घट्ट. मी बाबागाडी आहे आणि आता माझे वय झाले आहे. पुढचे डावे चाक जरा फेंगडे चालते, आणि घडी घालायला गेले की मी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखी कुरकुरते. गाडीला तिची हकीकत कोण विचारणार? पण तुम्ही आलाच आहात तर बसा. ही हकीकत फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका लांबलचक शेडमध्ये मी तयार झाले. यंत्राने माझ्या नळ्या वाकवल्या, कोणी चाके बसवली, कोणी पट्टे ओवले. शेवटी एका माणसाने माझ्यात वाळूची पोती ठेवली आणि मला खडबडीत पट्ट्यावरून भरपूर पळवले. मुलांच्या आधी मी वाळू वाहिली आहे. तेव्हा वाटले होते, हेच सगळ्यात जड ओझे असणार.

दुकानात एक जोडपे आले. बाई मोटारींच्या सीटांची कव्हरे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिने माझा रंगबिंग पाहिला नाही. सरळ गादी उलटी केली आणि शिवणीवरून नख फिरवले.

"शिलाई कच्ची आहे," ती म्हणाली.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. त्याने मला उचलून एक डोळा मिटला आणि चाकांकडे रोखून पाहिले. "चाकं सरळ आहेत. शिलाईचं तू बघ."

अशी माझी वाटणी झाली आणि मी त्यांच्या घरी आले. बाळ अजून पोटात होते. नवऱ्याची मोठी बहीण शाळेची व्हॅन चालवायची, ती दारातच मला पाहून म्हणाली, "बाळाचा पत्ता नाही आणि गाडी हजर. म्हणजे बाजारात तुरी." पण जाताना तिनेच माझ्या दांड्याला एक घुंगरू बांधले.

बाळ झाले, मुलगा. तो चालायला लागला तोच मुळी हात मागे बांधून. खोलीत येरझाऱ्या घालायचा, बुटांच्या जोड्यांपाशी थांबायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. आत्या म्हणाली, "आले पंत तपासणीला." तेव्हापासून त्याचे नाव पंत पडले. ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. घरासमोरचा चढ चढताना बाबा मला ढकलायचा आणि पंत आतून हुकूम सोडायचा. उतारावर आई मला मागे ओढून धरायची. जिन्यात भेटणारे शेजारी म्हणायचे, "गाडी छान आहे हो." मीही जरा ताठच उभी राहायचे.

पंत मोठा झाला, मी माळ्यावर गेले. मग त्याला बहीण झाली आणि मी खाली आले. गोल चेहरा, कपाळावर आलेले केस, जिथे बसवावी तिथे बसणारी. बाबा तिला ठकी म्हणू लागला. आता मी ठकीची होते. पंत शेजारून चालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही माझी जुनी गाडी. हिला दिली मी."

ती गाडी त्याला परत घ्यावी लागेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पंत शाळेच्या जिन्यात बसून राहू लागला. पाय दुखतात म्हणायचा. आधी सगळे म्हणाले, वाढीचे दुखणे आहे. मग रक्त तपासले. मग दुसऱ्यांदा तपासले, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथले कॉरिडॉर लांब होते आणि पंतला तेवढे चालवत नव्हते. एका दुपारी आई मला कारखान्यात घेऊन गेली. तिथे रेक्झिनचे गुंडाळे भिंतीला उभे होते, फोमचा चुरा जमिनीवर उडत होता. तिने माझी गादी उसवली, दोन्ही बाजूंनी कापड वाढवले, पाय ठेवायची पट्टी पुढे लांबवली. त्यासाठी तिने मोटारींच्या सीटचा जाड निळा दोरा वापरला.

शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "एवढ्या मोठ्या मुलाला बाबागाडीत? लोक बघतील."

"बघू देत," आई म्हणाली आणि मशीन चालू केले.

अशी माझ्यातली ठकीची जागा पंतची झाली. ठकी तेव्हा नुकती पावले टाकत होती. तिला कडेवर घ्यायला कोणाचा हात मोकळा नसायचा. "गाडी धर," असे सगळे तिला सांगायचे. ती माझी खालची नळी धरायची आणि धरूनच चालायची. दुसरी मुले आईचे बोट धरून चालायला शिकतात. ठकी मला धरून शिकली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आता वाटत नाही.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे नंबर येईपर्यंत बसायचे असते, तिथे एक मोठी खिडकी होती. खिडकीतून दूर, छपरांच्या पलीकडे, एका मोठ्या थीम पार्कचा आकाशपाळणा दिसायचा. पंत त्याच्याकडे टक लावून पाहत बसायचा.

"तो बंद आहे का?" त्याने एकदा विचारले.

"फिरतोय. लांबून कळत नाही," बाबा म्हणाला.

"मग जवळ जाऊन बघू."

तिथून बेत सुरू झाला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सगळे बसत. पंत माझ्यात बसून मान डोलवायचा आणि बाबा बेत सांगायचा. जायचे ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे गर्दी नसते. आत्याच्या व्हॅनमधून जायचे. फाटक उघडायच्या आधी पोचायचे. आत शिरल्याबरोबर आधी आकाशपाळणा, ऊन चढायच्या आत. मग झाडाखाली आडवे व्हायचे. जेवण घरचेच न्यायचे. औषधांची डबी बर्फाच्या पिशवीत ठेवायची. दुपारी डुलकी, आणि उठल्यावर पंतची इच्छा असेल तर पुन्हा आकाशपाळणा. बोलताना बाबाचा चेहरा उजळायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काचा घासणारा तो माणूस त्या वेळी स्वतः काहीतरी स्पष्ट पाहतो आहे, असे वाटायचे.

"आणि ठकी?" आई मध्येच विचारायची.

"मी पाळण्यात असेन तेव्हा गाडी रिकामीच असेल. ठकी बसेल तिच्यात," पंत म्हणायचा.

ठकीने पार्कच्या जाहिरातीवर बदकांच्या आकाराच्या होड्या पाहिल्या होत्या. ती टेबलाखालून म्हणायची, "बदक."

"हो हो, बदकं मग," बाबा म्हणायचा. ते 'मग' बेतात कुठेच बसवलेले नव्हते.

जायचा दिवस ठरला की पंतला ताप यायचा. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणायचे. पुढच्या आठवड्यात त्याच्या तोंडात फोड आलेले असायचे. मग थंडी सरू दे म्हणाले. थंडी सरली. आत्या व्हॅन धुऊन तयार ठेवायची आणि कोणाला काही न विचारता संध्याकाळी परत घेऊन जायची.

मग एका सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो आणि पंत परत आला नाही.

हे मला याहून वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही, मित्रांनो. मला कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ठेवले होते. माणसे येत होती, जात होती. बाबाने मला घरी आणले तेव्हा माझ्यात पंतचे बूट आणि कपड्यांची पिशवी होती. वाटेत एक बाई सवयीने वाकली, बाळ बघावे म्हणून. मग ओशाळून बाजूला झाली. बाबा तिला म्हणाला, "असू दे, असू दे," जणू तिचेच काही हरवले होते.

काही दिवस मी दारामागे उभी होते. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते, पण माझ्यावर आपटणारही नाही अशा बेताने दार उघडत होते. नंतर बाबाने मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकले.

माळ्यावरून घर दिसत नाही, ऐकू येते. आई जास्तीचे काम घरी आणू लागली आणि सुट्टीच्या दिवशीही मशीन चालू राहू लागले. बाबा कमी बोलायचा. आत्या यायची, दोन विनोद करायची, कोणी हसले नाही की भांडी घासून निघून जायची. ठकीचा आवाज मात्र मला फारसा येत नसे. ताटात पडेल ते खायची. बोलावले की यायची. आत्या आईला म्हणायची, "फार गुणी पोर आहे. घरात आहे की नाही कळत नाही." मला ते कौतुक ऐकून बरे वाटत नसे. मूल घरात असले की कळायला हवे.

ठकी शाळेत जाऊ लागली. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आमच्या वर्गातली सगळी पाळण्याच्या पार्कात जाऊन आली."

चमच्यांचा आवाज थांबला. मग बाबा म्हणाला, "आपणही जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी पुन्हा बेत सुरू झाला आणि मी माळ्यावरून ऐकत राहिले. तोच बेत होता. शब्दसुद्धा तेच. मधला दिवस, आत्याची व्हॅन, फाटक उघडायच्या आधी. आधी आकाशपाळणा, मग झाडाखाली आडवे व्हायचे. बाबाचा आवाज पूर्वीसारखाच भराभर चालला होता.

"जेवण घरचं. आणि बर्फाच्या पिशवीत औषधांची..."

तो थांबला.

"कसली औषधं?" ठकीने विचारले.

"काही नाही," आई म्हणाली. "पाणी. गार पाणी न्यायचं आहे."

पुढच्या रविवारी आत्या आली तेव्हा विषय माझ्यावर आला.

"ती गाडी काढ माळ्यावरची," बाबा म्हणाला. "एवढी मोठी जागा आहे. दिवसभर चालणार नाही ठकी."

"ती गाडी नको," आई म्हणाली.

"का?"

"का म्हणून काय विचारतोस?"

"अगं, तिच्यात ठकीच बसायची आधी."

"बसायची. मग आपण तिला उठवलं."

आत्याने दोघांना थांबवले. एरवी तिच्या तोंडाला खळ नसे, पण आज तिने शब्द तोलले. "हे बघा, मी शाळेची पोरं नेते. लांब जायचं असलं की पोरं दमतात आणि मोठी माणसं चिडतात. गाडी असलेली बरी. पण न्यायची तर ठकीची म्हणून न्या. नाहीतर घरीच बसा, मी भेळेच्या भांडणात नाही पडत."

"भेळेचं भांडण कुठलं?" ठकी टेबलाखालून म्हणाली.

"तुझ्या आईबाबांचं. सगळंच कालवलंय त्यांनी," आत्या म्हणाली. तेवढ्यापुरते सगळे हसले. ठकीला विनोद कळला नाही, पण घरात हसू आले म्हणून तीही हसली.

आईने मला खाली काढले. चादर सोडली. मग पुसले, चाकांना तेल दिले आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा कारखान्यात नेले. तिथे तिने स्वतः घातलेली निळी शिवण उसवायला घेतली. मित्रांनो, चांगली शिवण उसवायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिने पात्याने एकेक टाका उचलला. वाढवलेले कापड निघाले, लांबवलेली पट्टी मागे आली. शेजारच्या मशीनवरची बाई तीच होती. तिने या वेळी काही विचारले नाही. आपले मशीन बंद करून ती मला पलीकडून धरून उभी राहिली, म्हणजे आईला दोन्ही हात वापरता आले. मग आईने त्याच दोऱ्याने गादी लहान मापात पुन्हा शिवली.

"तिचे पाय टेकायला हवेत," ती शेवटी एवढेच म्हणाली.

ठरल्या दिवशी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. आत्याने आम्हाला फाटकाशी सोडले. आत रंगीत फरशीचे रस्ते होते, कर्ण्यांतून गाणी चालू होती, झाडांना कापून हत्तींचे आकार दिले होते. ठकी माझ्यात बसली होती आणि सगळ्या बाजूंना पाहत होती. बाबा मला ढकलत होता, इतक्या वेगाने की माझे डावे चाक थरथरू लागले.

"हळू," आई म्हणाली.

"आत्ता रांग नसेल. नंतर वाढेल."

आकाशपाळणा जवळून प्रचंड होता. त्याच्या लोखंडाचा करकर आवाज येत होता. ठकीने मान वर केली, आणखी वर केली, आणि माझा पट्टा घट्ट धरला.

"चल," बाबा म्हणाला आणि तिचा पट्टा सोडवू लागला. "बघ, किती उंच जातो. वरून सगळं दिसतं."

"मला नको."

"अगं, काही होत नाही. मी आहे ना."

"मला बदकांकडे जायचंय."

"बदकं मग. आधी हा. यासाठीच तर आलोय आपण."

ठकीने दोन्ही हातांनी माझी नळी पकडली. बाबाने तिची बोटे सोडवली, तिने परत पकडली. मागे रांग वाढत होती. तिकीट बघणारा माणूस वाट पाहत होता. बाबा एरवी कधी आवाज चढवत नसे, पण तेव्हा चढवला. "काय घाबरतेस एवढी? दादाला किती बसायचं होतं यात, माहितीय?"

ठकी रडली नाही. तिने बाबाकडे पाहिले आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "मग तू दादालाच ने ना."

मी हे शब्द इतक्या जवळून ऐकले की ते माझ्या नळ्यांत शिरले. तिने ते दुखवायला म्हटले नव्हते. तिला तो खरोखर त्यातून निघायचा मार्ग वाटला होता.

बाबा रांगेतून बाजूला झाला आणि फुलांच्या वाफ्याच्या कडेवर बसला. चष्मा काढून हातात धरला. आई त्याच्यापाशी गेली. ती ओरडेल असे मला वाटले, कारण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आपण तिला आणलंच नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "आपण त्याला घेऊन आलोय."

"माहितीय," बाबा म्हणाला.

"तू जा. तुला जायचंच आहे ना, तर जाऊन ये. आम्ही इथे थांबतो."

"एकटा?"

"एकटाच."

तो उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला, शाळेतल्या मुलांच्या आणि नवीन लग्न झालेल्या जोडप्यांच्या मध्ये. तिकीट बघणाऱ्याने विचारले, "एकटेच?" बाबाने मान हलवली. त्याला चौघांच्या डब्यात बसवले, दार लावले. पाळणा निघाला. डबा वर वर जात लहान झाला.

ठकी माझ्यात बसून बघत होती. तिचे पाय पट्टीवर नीट टेकले होते.

"बाबा वर रडतोय का?" तिने विचारले.

"रडत असेल," आई म्हणाली.

"खाली आल्यावर थांबेल?"

"माहीत नाही गं."

ठकीने थोडा विचार केला आणि वर पाहून हात हलवला. एवढ्या उंचीवरून तिचा हात त्याला दिसला की नाही, कोण जाणे. ती हलवत राहिली, हात दुखला तेव्हा दुसरा हलवला.

बाबा खाली आला तेव्हा त्याचे केस विस्कटलेले होते. डोळे लाल होते, पण वाऱ्यानेही होतात. तो म्हणाला, "वर वारा फार आहे." मग ठकीपुढे उकिडवा बसला. "चुकलं माझं. चल, बदकं कुठे आहेत ते बघू."

बदकांचे तळे पार्कच्या दुसऱ्या टोकाला होते. पोचलो तर तळ्यात पाणीच नव्हते. गमबूट घातलेला एक माणूस लांब झाडूने तळ घासत होता. होड्या काठावर ओळीने पालथ्या घातल्या होत्या. पिवळी पोटे उन्हात तापत होती.

"साफसफाई चालू आहे," तो माणूस म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पाणी भरू."

पुढच्या आठवड्यात. बाबाचा हात माझ्या दांड्यावर आवळला गेला. हे शब्द त्याने स्वतः किती वेळा उच्चारले होते, ते मला ठाऊक होते.

ठकीने पालथ्या बदकांकडे पाहिले. "असू दे," ती म्हणाली. "आपण घरी जाऊ."

आई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "असू दे काय? तुला वाईट वाटलं नाही?"

"वाटलं. पण तुम्ही दमलात."

"आम्ही दमलो ते आमचं आम्ही बघू. तुला रडू येत असेल तर रड."

ठकीने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग बाबाच्या. खरेच चालेल का, ते बघून घेतले. मग तिचे तोंड वाकडे झाले आणि ती रडली. आधी बारीक, मग मोठ्याने. इतकी वर्षे मी तिला ओळखत होते, पण तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माणसे वळून पाहू लागली. आईने तिला गप्प केले नाही. बाबानेही केले नाही. झाडूवाला माणूस अवघडून दुसरीकडे घासू लागला. ती फक्त बदकांसाठी रडत नव्हती, हे त्या दोघांना कळत होते. आई तिचे पाय धरून बसली होती.

रडणे संपल्यावर बाबा त्या माणसाकडे गेला आणि पाणी नक्की कुठल्या दिवशी भरणार ते विचारून आला. ठकीला म्हणाला, "उगाच नक्की म्हणणार नाही. पण त्या सकाळी उठलो की निघू."

त्या सकाळी ते खरेच निघाले. मला नेले नाही. गादी मापाची केली तरी ठकी मला मोठी होती, हे आता सगळ्यांना दिसत होते. संध्याकाळी ती ओल्या फ्रॉकने घरी आली आणि आत्याला मोठमोठ्याने सांगू लागली की बदकाची मान धरली की ते वळत नाही, बाबाला उगाच तसे वाटत होते. आत्या म्हणाली, "अगं हळू, शेजारी येतील." आई म्हणाली, "येऊ देत."

घर पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणणार नाही. चौथी खुर्ची कोणी हलवली नाही. कधीकधी बाबा अजूनही बोलता बोलता थांबायचा आणि आई उठून उगाच नळ सोडायची. पण ठकी आता नको असेल तर नको म्हणायची, आणि तेवढ्याने घरात एक माणूस वाढले.

मला बाबाने दवाखान्यात आणून दिले, मुलांच्या विभागात. देताना त्याने चाक बसवायचा प्रयत्न केला, पण ते पुरते सरळ झाले नाही. "जरा डावीकडे ओढते," त्याने नर्सला सांगितले आणि मागे न पाहता गेला. तेव्हापासून मी इथे आहे. याच कॉरिडॉरमधून मी मुलांना नेते आणि आणते. काही मुले बरी होऊन माझ्या शेजारून चालत बाहेर पडतात. काही पुन्हा दिसत नाहीत. मला कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. माझ्यावर ओरखडे पडतात, कोणी मला पावसात अंगणात विसरते, कोणी माझ्या दांड्याला सलाईनची बाटली लटकवते. जुन्या वस्तूंचे असेच चालते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. चाकात अडकलेला दोरा कोणी काढून टाकला, तरी माझे भागते.

आज सकाळपासून माझ्यात एक मुलगा बसला आहे. त्याची आई त्याच्या कानाशी वाकून सांगते आहे की तो बरा झाला की ते सगळे समुद्रावर जातील, आधी वाळूचा किल्ला करतील, मग लाटांत पाय बुडवतील. तो डोळे मिटून ऐकतो आहे. ऐकू दे. त्याला त्याची गरज आहे.

पण माझ्या बाजूच्या नळीवर एक हात आहे. त्याच्या मोठ्या बहिणीचा. नऊ-दहा वर्षांची असेल. शाळेचे दप्तर पाठीवर आहे, म्हणजे आज शाळा बुडाली. मघाशी तिने भावाचा घसरलेला पाय उचलून पट्टीवर ठेवला आणि पुन्हा गप्प उभी राहिली. समुद्रावर तिला काय करायचे आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही. तिला ऐकू जाईल अशी वाचा मला असती तर मी विचारले असते. मित्रांनो, तुम्हाला आहे.